मिठागर एफसीचे पाच प्रेक्षक

गेल्या वर्षी आमची टीम किती मॅच जिंकली असं तुम्ही विचारलंत, तर मला फोन काढून बघावं लागेल. पण कुठल्या मॅचला कोण काय बोललं ते विचारा, झोपेतून उठवून विचारा! रविवारी चारला मॅच सुरू होते, सहाच्या आत संपते, आणि मग टपरीवर चहा पिताना त्यातलं एखादंच काहीतरी दहा वेळा सांगितलं जातं. पुढच्या रविवारी त्यात नवीन भर. खाडीचं पाणी येतं-जातं आणि गाळ मागे राहतो, तसं. स्कोअर वाहून गेले, हे राहिलं.

आमची टीम म्हणजे मिठागर एफसी, कामोठे. जिल्ह्याच्या लीगचं दुसरं डिव्हिजन. टीव्हीवरचा फुटबॉल वेगळा. आमच्या मैदानाच्या एका बाजूला सोसायटीची भिंत, दुसऱ्या बाजूला नाला आणि मागे दिवसभर ट्रकांची घरघर. खेळाडू अकरा, बदली दोन-तीन. कोच सावंत सर, मूळचे कुडाळचे, शाळेत पीटी शिकवतात. आणि कायमचे प्रेक्षक आम्ही पाच. त्यातले दोघं कधीच काही बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचे किस्से नाहीत. उरलो तिघं: म्हात्रे काका, कांबळे मॅडम आणि मी.

*

मी कसा अडकलो ते आधी सांगतो.

मी जगदाळे, साताऱ्याकडचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ऑफिसात डिस्पॅच बघतो. शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. म्हणून मी मैदानाला फेऱ्या मारत होतो. आत मॅच चालू आहे याकडे माझं लक्षही नव्हतं.

बॉल घरंगळत माझ्या पायाशी आला. एक खेळाडू ओरडला, "अंकल, बॉल!"

कॉलेज सुटल्यापासून मला कुणी बॉल मागितला नव्हता. मी जरा मागे गेलो, पळत आलो आणि सगळी ताकद लावून किक मारली. बॉल त्या खेळाडूच्या डोक्यावरून गेला, मैदानावरून गेला आणि थेट पलीकडच्या नाल्यात.

त्यांच्याकडे बरा बॉल तेवढाच होता. बांबू आणला, एकाला दोरीने खाली सोडलं. मॅच चांगली वीस मिनिटं बंद. मी सगळ्यांची माफी मागितली आणि मान खाली घालून निघालो. तेवढ्यात घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ म्हणाले, "कुठं चाललास?"

"काका, मी चालायलाच आलोय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"बस इथं," म्हात्रे काका म्हणाले. "तू चालतोस तवरी बॉलला धोका हाय!"

त्याला आता सात वर्षं झाली. शुगर होती तेवढीच आहे.

*

म्हात्रे काका इथलेच, कामोठे गावचे. तरुणपणी भातशेती, मग शहर आलं, आता दोन बिल्डिंगा. पहिल्या दिवसापासून एकही मॅच चुकवलेली नाही. आणि पहिल्या दिवसापासून ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना कळलेलं नाही. फक्त शब्द आवडतो. थ्रो असो, कॉर्नर असो, कुणाला लागलेलं असो, काका खुर्चीतून अर्धे उठून ओरडणार, "ऑफसाइड!" एकदा आमच्याच खेळाडूने पाणी प्यायला बाटली उचलली तेव्हासुद्धा ओरडले.

शेवटी सावंत सरांनी मनावर घेतलं. टपरीवरचे चहाचे रिकामे ग्लास बाकड्यावर मांडले.

"काका, हा गोलकीपर. हे त्यांचे डिफेंडर. हा आपला रोशन. आता बॉल मागे आहे, अजून आलेलाच नाही. पण रोशन आधीच पुढे जाऊन यांच्या पाठीमागे उभा राहिला. बॉल आला की आयता गोल मारणार. हे चालत नाही."

काकांनी ग्लासांकडे बराच वेळ पाहिलं. एक ग्लास उचलला, परत ठेवला.

"म्हंजे कामधंदा मागं चाललेला असताना, ह्यो आधीच पुढं जाऊन बसनार. आनि ताट आलं का पयला हात मारनार."

"अगदी बरोबर!"

"आसं हाय व्हय!" काका म्हणाले. "मंग आमचा थोरला जावई लगीन झाल्यापासून ऑफसाइडच हाय!"

*

कांबळे मॅडम परभणीकडच्या. कळंबोलीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आता रिटायर. त्यांचा मुलगा आमचा लेफ्ट बॅक होता. त्याला बंगलोरला नोकरी लागली, तो गेला. पुढच्या रविवारी मॅडम नेहमीच्या जागी हजर. मी म्हणालो, "मॅडम, मला वाटलं आता तुम्ही येणार नाही."

त्या म्हणाल्या, "त्याने टीम सोडली. मी कुठे सोडली?"

एकदा पनवेलकडच्या एका टीमशी मॅच होती. त्यांचा डिफेंडर म्हणजे सहा फूट उंच, दाढी, दंडावर टॅटू. रोशनला त्याने पहिल्या वीस मिनिटांत तीन वेळा आडवा केला. रोशन आमचा स्ट्रायकर, वजन पंचावन्न किलो. तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मॅडम चष्मा पुसत होत्या. चष्मा लावला आणि त्या डिफेंडरकडे निरखून पाहिलं.

"हा सचिन का? दहावी ब?"

आम्हाला काय माहीत!

हाफ टाइमनंतर रोशन पुन्हा बॉल घेऊन निघाला. समोर तो पहाड. बॉल चार पावलांवर आला आणि बाहेरून मॅडमचा आवाज, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा:

"सचिन! शर्ट आत!"

तो जागच्या जागी थांबला. दोन्ही हातांनी घाईघाईत शर्ट चड्डीत खोचायला लागला. रोशन बाजूने गेला, गोल मारला आणि परतही आला, तरी ह्याची मागची बाजू खोचायची राहिलीच होती!

त्यांच्या टीमने प्रचंड आरडाओरडा केला. रेफ्री तावातावाने आमच्याकडे आला. "बाई, बाहेरून असं बोलता येत नाही. मी तुम्हाला मैदानाबाहेर..."

मॅडमनी त्याच्याकडे वर पाहिलं. "तू कुठल्या बॅचचा?"

रेफ्री दोन पावलं मागे सरकला. "दोन हजार नऊ, मॅडम," तो म्हणाला, आणि गोल दिला.

*

आमच्या मैदानाची एक बाजू खोलगट आहे. गणपतीनंतर लीग सुरू होते तेव्हा नेमकं पूर्वेकडच्या गोलसमोर पाणी साचलेलं असतं. बाहेरच्या टीमा कटकट करतात. एकदा एका कॅप्टनने खेळायलाच नकार दिला. "आमचा गोलकीपर बुडेल," म्हणाला.

रेफ्री नवीन होता. तो पाण्यात काठी घालून खोली बघायला लागला. म्हात्रे काका खुर्ची उचलून त्याच्यामागे गेले.

"काय बगतोस? ते आमचं खालचं खाचर हाय. माजा बाप इथंच भाताची आवनी कराचा. तुमी उभं हाव ना, तो बांध."

रेफ्री तरुण होता, पण अदबीने वागणारा. त्याने काठी खाली ठेवली. "मग काका, तुम्हालाच माहीत असेल. हे पाणी साधारण कधी उतरतं? पंधरा मिनिटं, अर्धा तास? तेवढा वेळ आपण थांबू."

काकांनी आभाळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मनात काहीतरी हिशेब केला.

"दिवालीला," ते म्हणाले. "भात कापलं का उतरतंय."

मॅच त्याच पाण्यात झाली. दोन्ही बाजूंनी एकही गोल नाही. बॉल तरंगत होता.

*

आमचा गोलकीपर बाळू. वय चौतीस, उरणला एका कंटेनर यार्डात क्रेन चालवतो. कंटेनर अलगद उचलून अलगद ठेवणारा माणूस, पण बॉल हातात आला की सुटलाच! तरीही तोच गोलकीपर, कारण दुसरा कुणी उभा राहायला तयार नाही.

उरणलाच एक मॅच होती. बाळूची शिफ्ट साडेतीनला सुटणार, मॅच चारला. टेम्पो यार्डाच्या गेटवर उभा केला. बाळू धावत आला, तसाच चढला. मैदानावर पोचल्यावर कळलं की त्याची जर्सीची पिशवी यार्डातच राहिली.

रेफ्री म्हणाला, "गोलकीपरचा रंग दोन्ही टीमपेक्षा वेगळा पाहिजे. बाकी मला काही नको."

आमचा रंग निळा, त्यांचा लाल. बाळूच्या अंगात यार्डातलं भगभगीत पोपटी जॅकेट, त्यावर चमकणाऱ्या रुपेरी पट्ट्या. रेफ्रीने ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाला, "वेगळा आहे. चला."

त्या दिवशी बाळूने काय खेळ केला! सूर्य बाजूने कलला होता. जो पुढे येई त्याच्या डोळ्यांवर त्या पट्ट्यांची तिरीप जाई आणि तो हात आडवा धरून बॉल मारी. सत्तर मिनिटं झाली तरी गोल नाही. त्यांना पेनल्टी मिळाली. मारणाऱ्याने डोळे बारीक केले आणि बॉल आडव्या दांड्यावरून थेट मागच्या नारळांत घातला.

मॅच बरोबरीत सुटली. त्यांचा कोच तक्रार करायला आला. "सर, आमच्या पोरांना काय झालं तेच कळत नाही. कुणी गोलच्या जवळच जायला तयार नव्हतं!"

सावंत सरांनी बाळूला हाक मारली आणि त्याला पाठमोरा उभा केला. जॅकेटवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'सुरक्षित अंतर ठेवा'.

*

आता घरचं सांगतो. बायकोच्या परवानगीने सांगतोय.

दर रविवारी तीनला मी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून बाहेर पडायचो. सातला परत यायचो, खुशीत. कुठे होतात, तर "मैदानावर." काय करत होतात, तर "काही नाही, बसलो होतो." दोन महिने हे चाललं. माझ्या लक्षात आलं नाही की ऐकणाऱ्याला हे कसं वाटत असेल.

एका रविवारी मी बसलोय आणि भिंतीजवळ आमच्या हिची साडी दिसली. ही तिथे उभी राहून चारही बाजूंना बघत होती. मग आली आणि माझ्या मागे उभी राहिली. तेवढ्यात आमच्या टीमने आपल्याच गोलमध्ये बॉल घातला आणि म्हात्रे काका ओरडले, "ऑफसाइड!"

हिने चिखल पाहिला, पाच माणसं पाहिली, कांबळे मॅडमनी पुढे केलेला शेंगदाण्याचा डबा पाहिला.

"हेच?" ती म्हणाली. "दर रविवारी हेच?"

"हेच."

मला वाटलं, आता ती सुटकेचा निःश्वास टाकेल.

"अहो, मी दोन महिने झोपले नाहीये नीट," ती म्हणाली. "निदान दुसरं काहीतरी निघालं असतं, तर बहिणीला सांगता तरी आलं असतं! हे काय सांगू?"

मॅडमनी तिच्यासाठी बाकावर जागा केली. ती पाचच मिनिटं बसते म्हणाली. मॅच संपेपर्यंत बसली, आणि घरी जाताना मला म्हणाली, "तो लेफ्ट बॅक फार पुढे जातो हो."

*

आणि ही गेल्या सीझनची शेवटची मॅच.

आमची परिस्थिती अशी होती की नुसती बरोबरी झाली तरी आम्ही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये राहणार होतो. हरलो तर तिसऱ्यात. सावंत सरांनी आठ वर्षं खपून टीम तिसऱ्यातून वर आणली होती. त्या दिवशी त्यांनी खेळाडूंची यादी तीनदा तपासली. रोशनने तर नवस बोलला होता. म्हात्रे काका तासभर आधीच येऊन बसले होते, नवीन टोपी घालून.

समोरची टीम खोपोलीकडची. त्यांचं ना वर जाणं उरलं होतं, ना खाली येणं.

चार वाजले. टीम आली नाही. रेफ्रीने घड्याळ लावलं. लीगचा नियम असा, की अर्ध्या तासात निदान सात खेळाडू मैदानावर उभे पाहिजेत. नाहीतर समोरच्याला वॉकओव्हर, पूर्ण पॉइंट.

चार वाजून पाच मिनिटांनी सरांचा फोन वाजला. त्यांचा कॅप्टन होता. टेम्पोचा क्लच गेलाय, कळंबोलीच्या पुलाखाली अडकलोय, रिक्षा मिळत नाहीत, ट्रॅफिक आहे. आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"बघा, जमेल तसं या लवकर," सर म्हणाले. फोन ठेवला आणि आमच्याकडे न बघता मैदानाकडे तोंड करून उभे राहिले. खोटं कशाला बोलू, आम्हा सगळ्यांनाच हलकं वाटलं. प्रत्येक जण घड्याळाकडे बघत होता. बाळूने तर ग्लोव्हज काढून खिशात ठेवले.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, काकांची खुर्ची रिकामी आहे.

"काका कुठे गेले?" मी मॅडमना विचारलं.

"पेढे आणायला गेले असतील," मॅडम म्हणाल्या.

चार वीस झाले. चार पंचवीस. रेफ्री मैदानाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला, शिट्टी हातात. आमची पोरं एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभी होती.

चार सत्तावीसला भिंतीच्या कोपऱ्यावरून हॉर्न वाजवत काकांची गाडी आत आली. सात सीटांची गाडी. दार उघडलं आणि आतून लाल जर्सीतली पोरं एकेक बाहेर पडायला लागली. एक, दोन, तीन... मागच्या डिकीतून शेवटचे दोघं. बरोबर सात! बुटांच्या नाड्या बांधतच ती मैदानावर धावली.

सावंत सर काकांकडे गेले. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नाही.

"काका, हे काय केलंत तुम्ही? तीन मिनिटं राहिली होती! फक्त तीन मिनिटं! आठ वर्षं मी..."

काका खुर्चीत बसले. टोपी काढून घाम पुसला, परत घातली.

"सर," ते म्हणाले, "मी मॅच बगाया आलोय."

सर वळून लाइनवर गेले.

अकरा विरुद्ध सात. आम्हाला वाटलं, ठीक आहे, आता तरी गोल होतील. झाले नाहीत. त्या सात जणांनी गोलसमोर भिंत उभी केली. रोशनचे दोन बॉल दांड्याला लागले. हाफ टाइमच्या आत त्यांचे उरलेले चौघं चालत आले, धुळीने माखलेले. मग अकरा विरुद्ध अकरा. आमच्या पोरांनी जीव तोडला, मी एवढा खेळ त्यांचा कधी पाहिला नव्हता. अधूनमधून येणारी आमची ही बाकावर उभी राहून ओरडत होती. मॅडमनी शेंगदाण्याचा डबा उघडलासुद्धा नाही.

शेवटून चौथ्या मिनिटाला त्यांचा एक साधा बॉल आला. बाळूच्या हातात आला आणि निसटला. एक-शून्य.

शिट्टी झाली. आमची पोरं होती तिथेच बसली. बाळू गोलमध्ये गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. सर एकेकाला हात देऊन उठवत होते. कुणीच काकांकडे बघत नव्हतं. मीही नाही.

काकांनी खुर्ची उचलली. बाळूपाशी गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. त्यांचे स्वतःचे डोळे लाल झाले होते, ते मी पाहिलं. मग सावकाश गाडीकडे गेले.

खोपोलीची पोरं एका बाजूला घोळक्याने उभी होती. टेम्पो अजून पुलाखालीच होता. जिंकली होती, पण आमच्यासमोर त्यांना हसता येईना, आणि आता जायचं कसं तेही कळत नव्हतं.

काकांनी गाडीची सगळी दारं उघडली आणि डिकी वर केली.

"दोन खेपा कराव्या लागतील," ते म्हणाले. "जे लंगडतान, ते पयले बसा."